मी कोण, हे कुणाला सांगायचंय?

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की ओरत्तनाडु हे तालुक्याचं गाव येतं. तिथं मुक्तांबाळ छत्रम नावाची जुनी धर्मशाळा आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ बांधली. रामेश्वरला निघालेल्या वाटसरूंना इथं जेवण आणि निवारा मिळे. धर्मशाळेच्या दारात कुणालाही विचारला जाणारा प्रश्न ठरलेलाच असतो: कोण, कुठले, कुठं निघालात?

मानसशास्त्रही हाच प्रश्न विचारतं, पण वीस वेळा. कून आणि मॅकपार्टलंड या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1954 साली एक साधी चाचणी मांडली. कोऱ्या कागदावर ‘मी... आहे’ असं वीस ओळींत लिहायचं. फार विचार करायचा नाही, सुचेल तसं लिहीत जायचं. पुढचं वाचण्याआधी करूनच बघा.

बहुतेकांच्या पहिल्या काही ओळी भराभर होतात: मी शिक्षिका आहे, मी अमक्याची मुलगी आहे, मी सोलापूरची आहे. या ओळी कुणालाही पडताळता येतात. वाटसरू धर्मशाळेत सांगतो त्याच. आठव्या-दहाव्या ओळीपाशी पेन अडखळतं. मग येतात ‘मी भिडस्त आहे’, ‘मी पटकन चिडते’ अशा ओळी. समाजानं दिलेल्या जागा आधी संपतात आणि स्वतःबद्दलची मतं मागून येतात, हेच त्या दोघांच्याही लक्षात आलं होतं.

पण हा कागद लिहिणारी कोण आणि कागदावर उतरलेली कोण? विल्यम जेम्सनं 1890 च्या आपल्या ग्रंथात हा भेद केला. एक ‘मी’ जाणणारा, दुसरा ‘मी’ जाणला जाणारा. पहिल्याला पकडायला गेलं की तो मागं सरकतो. त्याला वेदान्त्यांवर सोडून मानसशास्त्र मुख्यतः दुसऱ्याचा अभ्यास करतं. हा दुसरा ‘मी’ एकच नसतो. आपल्याला ओळखणारी जितकी माणसं, तितके आपले सामाजिक ‘मी’, असं जेम्सचं म्हणणं. पुढं 1902 मध्ये चार्ल्स कूलीनं त्याला आरशाची उपमा दिली: समोरच्याला आपण कसे दिसत असू याचा अंदाज, तो काय म्हणत असेल याचा अंदाज, आणि त्यावरून वाटणारा अभिमान किंवा संकोच. यातले पहिले दोन निव्वळ अंदाज आहेत, हे आपण सोयीनं विसरतो.

सरफोजींकडे पाहिलं की हे अनेक ‘मी’ लख्ख दिसतात. 1777 चा जन्म. 1787 मध्ये तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतलं आणि तुळजाजी त्याच वर्षी वारले. दत्तकविधानावर वाद झाला, गादी तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली, आणि मुलाचा सांभाळ श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यानं केला. 1798 मध्ये श्वार्ट्झ वारला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहानं राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख.

आता या राजानं आपले ‘मी’ कुठं कुठं लिहून ठेवले ते पाहा. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरवलेला मराठी लेख भोसले घराण्याचा इतिहास सांगतो. तिथं तो वंशज आहे. श्वार्ट्झसाठी त्यानं इंग्रजीत स्मृतिपर ओळी रचल्या. तिथं तो त्याला बाप म्हणतो आणि स्वतःला ‘तुझा सरफोजी’. छत्रं आपल्याच ताब्यात राहू द्यावीत म्हणून 1801 मध्ये त्यानं कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलं. तिथं या मुलखाला लोक धर्मराज्य म्हणतात, याचंच त्याला मोठं भूषण वाटतं. राज्य गेलेल्या राजाचं हे म्हणणं मला सगळ्यांत बोलकं वाटतं. आणि ओरत्तनाडुत तो मुक्तांबेचं नाव राखणारा माणूस आहे. यातलं ढोंग कुठलं? माझ्या मते एकही नाही.

मग ‘व्यक्तिमत्त्व’ कशाला म्हणायचं? इतक्या आरशांतूनही जे टिकून दिसतं, त्याला. ते मोजायची सुरुवात शब्दकोशातून झाली. 1936 मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी इंग्रजी कोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द वेचले. पुढच्या संशोधकांनी एकमेकांसोबत येणारे शब्द एकत्र केले आणि पाच मोठे गट उरले: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांची ओढ. मराठीतून हे काम सुरू झालं असतं तर ‘भिडस्त’ आणि ‘आतल्या गाठीचा’ यांना कुठं बसवायचं यावरच बराच वेळ गेला असता.

हे गुण दोन टोकांचे कप्पे नाहीत, उंचीसारखे कमी-जास्त असतात. माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक असल्याचं जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं. तरीही ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण अर्धीच खरी. वय वाढतं तशी सरासरीनं कर्तव्यदक्षता आणि सौजन्य वाढतं, अस्थिरता उतरते. बदल होतो, फक्त सावकाश.

डॅन मॅकॲडम्स यांना हे पाच गुण पुरेसे वाटत नाहीत. गुण म्हणजे अनोळखी माणसाबद्दल सांगता येईल तेवढंच, असं ते म्हणतात. त्यावर दुसरा थर ध्येयांचा आणि चिंतांचा, तिसरा आपण स्वतःला सांगत असलेल्या आयुष्यकथेचा. ग्रंथ जमवणारा, मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिणारा सरफोजी नव्या अनुभवांच्या गुणात वरचढ भरेल. पण राज्य गेल्यावर दानधर्म हेच आपलं राजेपण मानणं, हे त्या गुणातून निघत नाही. ते त्यानं रचलेल्या कथेतून निघतं.

एक गोष्ट राहिली, भाषेची. चिनी मातृभाषेच्या, कॅनडात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. चिनीतून स्वतःबद्दल लिहिताना त्यांच्या उत्तरांत समूहाचे उल्लेख जास्त होते, इंग्रजीतून लिहिताना कमी. तंजावरच्या मराठी घरांत दाराच्या आत दक्षिणी मराठी आणि बाहेर तमिळ, हे कित्येक पिढ्या चालत आलंय. त्यांच्याकडून वीस ओळींचे दोन कागद लिहून घेतले तर काय दिसेल, याचं मला फार कुतूहल आहे.

तुमचा कागद अजून कोराच असेल तर आता लिहा. घरी एका भाषेत आणि कामावर दुसऱ्या भाषेत बोलत असाल, तर दोन कागद घ्या, आणि दुसरा लिहिताना पहिला उलटा ठेवा.