खाऱ्या समुद्रात गोड्या पाण्याची विहीर!

दोस्ता, एक कोडं घालू? चारही बाजूंना समुद्र. नजर टाकावी तिकडे पाणीच पाणी! मधोमध एक छोटंसं बेट. त्या बेटावर तू उभा आहेस आणि तुला कडकडून तहान लागली आहे. काय पिशील?

समुद्राचं पाणी? छे, छे! एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे चहाचे सहा-सात चमचे! ते प्यायलास तर एवढं मीठ बाहेर टाकायला शरीराला आणखी पाणी लागेल. तहान भागणार नाहीच, उलट वाढेल!

मग? चल, उत्तर शोधायला मालवणला जाऊ.

मालवण आहे आपल्या कोकणात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात. जेटीवरून होडीत बसायचं. होडीवाले काका "सांभाळून बस हां!" म्हणतात आणि भुर्रकन होडी निघते. थोड्याच वेळात समोर येते एक काळीभोर, नागमोडी तटबंदी. हाच तो सिंधुदुर्ग किल्ला! ज्या बेटावर तो उभा आहे, त्याचं नाव कुरटे बेट.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली इथे बांधकाम सुरू केलं. हिरोजी इंदुलकरांनी ते पार पाडलं आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. बेट जसं वळतं तशी तटबंदीही वळते. गंमत म्हणजे, होडी अगदी जवळ आली तरी दरवाजा दिसत नाही! तो बुरुजांच्या आड असा काही लपवलाय, की नवख्या माणसाने शोधतच बसावं.

आणि पाया? पायाचे दगड बसवायला चक्क शिसं ओतलं! शिसं म्हणजे एक जड, मऊ धातू. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात लोखंड भराभर गंजतं. शिसं मात्र चिवटपणे टिकून राहतं. साडेतीनशेहून जास्त वर्षं लाटा धडका देताहेत, पण तट उभाच आहे! २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्या बारांत आपला सिंधुदुर्गही आहे.

पण थांब, तुझी तहान राहिली!

किल्ल्यात आत चालत गेलं की तीन विहिरी भेटतात. त्यांची नावं ऐक: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! बाव म्हणजे विहीर. काठाशी उभं राहून आत डोकावलं की खाली शांत पाणी दिसतं. कान दिलास तर तटापलीकडून लाटांचा आवाज येतो. इतका जवळ आहे समुद्र! आणि ओळख पाहू, या विहिरींचं पाणी कसं आहे?

गोडं! पिण्याजोगं!

हे कसं काय? समुद्राचं पाणी जमिनीखालून विहिरीत शिरत नाही का?

याचं गुपित तुझ्या घरच्या स्वयंपाकघरात आहे. मटकीच्या उसळीवर तर्री तरंगताना पाहिली आहेस ना? तेल पाण्याहून हलकं, म्हणून ते वर राहतं. तसंच गोडं पाणी खाऱ्या पाण्याहून थोडंसं हलकं असतं. फरक अगदी चिमूटभर, पण तेवढा पुरतो!

आता बघ काय होतं. कोकणात पाऊस कसा पडतो, ठाऊक आहे ना? धो धो! वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर. सगळं पाणी साचून राहिलं असतं, तर तुझ्या घराच्या छतापर्यंत पोचलं असतं! यातलं काही पाणी बेटाच्या मातीतून, खडकांच्या फटींतून खाली झिरपतं. खाली समुद्राचं खारं, जड पाणी असतं. पावसाचं पाणी त्याच्यावर अलगद बसतं. फटी बारीक, पाणी संथ. त्यामुळे दोन्ही पटकन एकमेकांत मिसळत नाहीत. विहीर या वरच्या थरात खणली, की गोडं पाणी हाती लागतं.

आणि आता सगळ्यात मोठा धक्का! वाळूच्या बेटांवर शास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला आहे. समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी १ मीटर उभं असेल, तर पातळीच्या खाली ते किती खोल असेल? साधारण ४० मीटर! हा हिशेब मांडला गेला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. सिंधुदुर्गाच्या विहिरी तर त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या! हिशेब नव्हता, पण पाणी कुठे सापडेल याची जाण पक्की होती. मला तर या किल्ल्यात तटाहूनही या विहिरींचं जास्त कौतुक वाटतं.

एक प्रयोग करून पाहा. काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास पाणी घे आणि त्यात दोन-तीन चमचे मीठ विरघळव. एका वाटीत साध्या पाण्यात थोडं कोकम सरबत घाल. नको, नको, सरबतात साखर असते! साखरेने पाणी जड होतं. त्यापेक्षा खाण्याच्या रंगाचा एक थेंब घाल. आता चमचा मिठाच्या पाण्याला टेकवून धर आणि रंगीत पाणी त्याच्यावरून अगदी हळूहळू सोड. घाई नको हं! रंगीत थर वरच राहतो की नाही? मग ग्लास जोरात ढवळ. गेला थर! बेटावरही थर असा मोडू शकतो. विहिरीतून वाटेल तेवढं पाणी उपसलं, तर खालचं खारं पाणी वर येतं. म्हणून तिथे पाणी बेताबेतानेच काढावं लागतं.

   

आता बेटांचं आणखी एक गुपित बघायला मालवणहून थोडं दक्षिणेला, वेंगुर्ल्याला जाऊ. तिथल्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात खडकांची बेटं आहेत. त्यांना म्हणतात वेंगुर्ला रॉक्स. तिथे एक दीपगृह आहे. आणि काळोख्या गुहाही आहेत. त्या गुहांत कोण राहतं, सांग बरं?

वटवाघळं? नाही. पाकोळ्या!

पाकोळी म्हणजे चिमणीएवढा, करड्या-तपकिरी रंगाचा पक्षी. दिवसभर हवेत भिरभिरत किडे टिपतो. झाडाच्या फांदीवर बसणं त्याला जमतच नाही! त्याचे पाय भिंतीला चिकटून लटकायलाच बनलेत. घरटं कशाने बांधतो, ठाऊक आहे? स्वतःच्या थुंकीने! शेवाळ आणि पिसं गोळा करायची आणि चिकट थुंकीने ती गुहेच्या भिंतीला चिकटवायची. थुंकी वाळली, की सिमेंटसारखी घट्ट! काही देशांत अशा घरट्यांचं सूप पितात. त्यासाठी ती चोरली जायची. आता आपल्याकडे घरट्यांना हात लावायला कायद्याने बंदी आहे. घरटी जागच्या जागी राहायला हवीत, कारण घरटं गेलं तर पिल्लांनी कुठे जायचं?

पण मिट्ट काळोखात पाकोळीला आपलं घरटं सापडतं कसं? ती आवाज करते. टिक-टिक-टिक! आवाज भिंतीवर आपटतो आणि परत येतो. लवकर परत आला तर भिंत जवळ, उशिरा आला तर लांब. वटवाघळांची युक्तीही हीच. पण बहुतेक वटवाघळांचा हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. पाकोळीची टिकटिक मात्र आपल्या कानांना ऐकू येते!

ही युक्ती तूही करून पाहा. उद्या शाळेत रिकामा हॉल मिळाला, तर मैत्रिणीला सोबत घे आणि डोळे मीट. हॉलच्या मधोमध एक टाळी वाजव. मग भिंतीच्या अगदी जवळ जाऊन आणखी एक वाजव. आवाज वेगळा आला ना? आता मैत्रिणीला सांग, तुला फिरवून कुठेही उभं करायला. आणि नुसत्या टाळीवरून ओळख, भिंत जवळ आहे की लांब!