तोल आणि चाल : आरोग्याचे एक दुर्लक्षित मोजमाप

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. त्यानंतरच्या काळात हे प्रमाण वाढतच गेले आहे. दुसऱ्या बाजूस आपल्या देशातील बालकांची संख्याही प्रचंड आहे. लोकसंख्येच्या या दोन टोकांना एक समान प्रश्न जोडतो. व्यक्ती स्वतःच्या पायांवर उभी राहून, तोल सांभाळून सुरक्षितपणे चालू शकते काय? बालकाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर त्याच्या विकासाचे निदर्शक असते, तर वृद्धाच्या बाबतीत त्याच्या स्वावलंबनाचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती मृत्युमुखी पडतात. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींमुळे ओढवणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांखालोखाल हेच कारण आहे. यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्न गटातील देशांत होतात. त्यामुळे हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा न राहता विकासाचाही ठरतो.

तोल कसा सांभाळला जातो?

शरीराचा तोल तीन प्रकारच्या माहितीवर अवलंबून असतो : डोळ्यांनी दिसणारा परिसर, अंतर्कर्णातील संतुलन-इंद्रियाकडून येणारे संदेश आणि स्नायू व सांध्यांतून मिळणारी शरीरस्थितीची जाणीव. लहान मेंदू या माहितीचा मेळ घालतो आणि स्नायू त्यानुसार हालचाल करतात. यांतील एक घटक दुबळा झाला तर इतर घटक त्याची भरपाई करतात. म्हणूनच दोष बराच काळ लपून राहतो.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य रोमबर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. दोन्ही पाय जुळवून उभ्या असलेल्या व्यक्तीस डोळे मिटावयास सांगितले जाते. डोळे मिटताच तोल जाऊ लागला, तर शरीरस्थितीची जाणीव क्षीण झाल्याचा संशय येतो. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे एक उपचारसाध्य कारण असून शाकाहारी समाजात त्याचे विशेष महत्त्व आहे.

चालण्याचेही एक चक्र असते. एका पायाची टाच जमिनीस टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत हे चक्र पूर्ण होते. निरोगी प्रौढाचा पाय या चक्राचा सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर व ४० टक्के काळ हवेत असतो. वार्धक्यात पावले आखूड होतात आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असण्याचा काळ वाढतो.

बालकांचे मूल्यमापन

बालकाची तपासणी करताना वयाचा संदर्भ सर्वांत महत्त्वाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार निरोगी मूल ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय चालू लागते. हे निकष ज्या पाच देशांतील बालकांच्या निरीक्षणावरून ठरविले गेले, त्यांत भारताचाही समावेश होता. त्यामुळे अठरा महिन्यांचे मूल चालत नसेल, तर 'चालेल सावकाश' असे म्हणून स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

भारतातही अशी साधने विकसित झाली आहेत. तिरुवनंतपुरम येथे तयार झालेला १७ बाबींचा विकास तपासणी तक्ता दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वापरता येतो. बडोदा येथे डॉ. प्रमिला फाटक यांच्या संशोधनातून सिद्ध झालेल्या भारतीय मापनश्रेणीत शारीरिक हालचाली व मानसिक विकास या दोहोंचे स्वतंत्र मूल्यमापन होते.

मोठ्या मुलांच्या बाबतीत एका पायावर उभे राहणे, लंगडी घालणे, सरळ रेषेवर चालणे व जमिनीवरून उठणे या कृती पाहिल्या जातात. हातांनी मांड्यांवर जोर देत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उठणारे मूल कमरेभोवतीच्या स्नायूंची दुर्बलता दर्शविते. मुलग्यांमध्ये स्नायुक्षयाच्या गंभीर आनुवंशिक विकाराची ही सुरुवात असू शकते. सतत चवड्यांवर चालणे, बदकासारखी डुलणारी चाल किंवा एकाच बाजूस लंगडणे हीदेखील तज्ज्ञांकडे पाठविण्यायोग्य लक्षणे होत. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित बालकांचे हालचालींच्या क्षमतेनुसार पाच स्तरांत वर्गीकरण केले जाते. उपचार व साधने यांचे नियोजन त्यावरून करता येते.

वृद्धांचे मूल्यमापन

वृद्धांसाठी सर्वाधिक प्रचलित असलेली 'उठा आणि चाला' ही कालबद्ध चाचणी १९९१ मध्ये मांडली गेली. व्यक्तीने खुर्चीतून उठावयाचे, नेहमीच्या गतीने तीन मीटर चालावयाचे, वळून परत यावयाचे व बसावयाचे. त्यास १२ सेकंद वा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका संभवतो, असे अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राचे मार्गदर्शन सांगते. घड्याळाइतकेच निरीक्षणही महत्त्वाचे असते. आखूड पावले, न हलणारे हात आणि वळताना टाकावी लागणारी अनेक पावले ही कंपवाताची चिन्हे असू शकतात.

पायांच्या बळासाठी हातांचा आधार न घेता पाच वेळा खुर्चीतून उठून बसण्याची चाचणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी १४ सेकंदांची मर्यादा सुचविली आहे. स्थिर तोल पाहण्यासाठी पाय जुळवून, किंचित पुढेमागे ठेवून, एकामागे एक ठेवून आणि शेवटी एका पायावर असे प्रत्येकी दहा सेकंद उभे केले जाते. यासोबत दृष्टी, पादत्राणे, झोपेची व रक्तदाबाची औषधे आणि उठल्यावर रक्तदाब उतरतो काय, यांचीही तपासणी आवश्यक असते.

चाचणीचे अर्थशास्त्र

या चाचण्यांना एक खुर्ची, मोजपट्टी, घड्याळ आणि दहा मिनिटे पुरतात. उलटपक्षी, खुब्याच्या एका अस्थिभंगामुळे शस्त्रक्रिया, दीर्घकाळ शुश्रूषा आणि अनेकदा कायमचे परावलंबन वाट्यास येते. घरातील कोणीतरी, बहुधा स्त्री, रोजगार सोडून शुश्रूषा करते. तिच्या या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही.

तथापि चाचणी स्वस्त आहे म्हणून ती आपोआप लाभदायक ठरत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर वृद्धांपैकी वीस जण वर्षभरात पडणार आहेत. चाचणीने त्यांतील बारा जण ओळखले, आठ निसटले आणि न पडणाऱ्या ऐंशींपैकी चोवीस जणांनाही धोका असल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे धोकादायक ठरविलेल्या छत्तीस जणांपैकी खरोखर पडणारे केवळ एक-तृतीयांश. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एकाच चाचणीवर विसंबू नये, आणि चाचणीनंतरचा उपाय निर्धोक व अल्पखर्चिक असावा. पायांचे बळ वाढविणारे व्यायाम, औषधांचा फेरविचार, स्नानगृहातील आधारदांडी व रात्रीचा पुरेसा प्रकाश हे उपाय या कसोटीस उतरतात.

शासकीय कार्यक्रमांतील स्थान

फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, कमतरता, आजार व विकासातील विलंब या चार अंगांनी तपासणी होते. फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात. पुढील उपचारांसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये मान्य केलेल्या २१ प्रकारांत मेंदूचा पक्षाघात व स्नायुक्षय यांचा समावेश आहे.

वृद्धांच्या बाबतीत, आशा कार्यकर्तीने भरावयाच्या सामुदायिक तपासणी सूचीत 'उभे राहताना किंवा चालताना तोल जातो काय?' असा प्रश्न आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या वार्धक्यविषयक दीर्घकालीन पाहणीच्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. त्यात तोल व चालण्याची गती यांचे प्रत्यक्ष मापनही करण्यात आले. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू वृद्धांना काठ्या व चालण्याची साधने मोफत मिळतात. मात्र काठीची मूठ मनगटाच्या उंचीवर येते काय, हे पाहिल्याशिवाय दिलेली काठी आधार न ठरता अडथळाही ठरू शकते.

समारोप

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना आयुष्मान भारत योजनेखाली वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण लाभले आहे. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु त्यामुळे अस्थिभंगाचा खर्च आता सार्वजनिक तिजोरीवरही येणार असल्याने तो टाळण्यात शासनाचे प्रत्यक्ष आर्थिक हित निर्माण झाले आहे. आशाच्या सूचीतील 'होय' या उत्तरानंतर आरोग्य केंद्रात खुर्ची व घड्याळ घेऊन कोणी तपासणी करते काय, आणि अंगणवाडीत आढळलेले न चालणारे मूल जिल्हा केंद्रापर्यंत खरोखर पोहोचते काय, यावरच या कार्यक्रमांचे यश अवलंबून राहील. उशिरा झालेल्या निदानाची किंमत बालक आयुष्यभर मोजते, तर वृद्धाला ती बहुधा एकाच पडण्यात मोजावी लागते.