पैसे पुन्हा कधी द्यायचे, हे ठरवतं कोण?

६ मे २०१३ रोजी अ‍ॅडोबीनं जाहीर केलं, की क्रिएटिव्ह सूटची पुढची आवृत्ती निघणार नाही. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन यांच्या नव्या आवृत्त्या यापुढे फक्त ‘क्रिएटिव्ह क्लाउड’च्या सबस्क्रिप्शनवर मिळतील. तोवरची रीत अशी होती, की डबा विकत घ्यायचा, सीरियल नंबर टाकायचा आणि पुढची आवृत्ती मनात भरली तरच पुन्हा खिशात हात घालायचा. (आपल्याकडे डबा किती जणांनी घेतला आणि नुसता नंबर किती जणांनी मित्राकडून, हा भाग वेगळा.) तेव्हा सुरू झालेली कुरकुर आजही थांबलेली नाही. डीटीपीवाले, फोटोग्राफर, व्हिडिओ एडिटर, सगळ्यांची मतं ठाम आहेत. त्यामागच्या समजुती मात्र तपासून घ्याव्यात अशा आहेत.

‘विकत घेतलं म्हणजे मालकीचं झालं’

सबस्क्रिप्शन म्हणजे भाड्याचं घर आणि एकरकमी खरेदी म्हणजे स्वतःचा फ्लॅट, असं सर्रास म्हटलं जातं. पण फ्लॅट विकता येतो. डब्यातून आलेलं सॉफ्टवेअर विकता येईल का, यावर कोर्टांचंही एकमत नाही. अमेरिकेत टिमोथी व्हर्नर नावाचा माणूस ऑटोकॅडच्या जुन्या प्रती ईबेवर विकत होता. ऑटोडेस्कनं हरकत घेतली आणि २०१० मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं कौल दिला: प्रत घेणाऱ्याला वापराचा परवाना मिळतो, मालकी नाही. दोनच वर्षांनी युरोपीय संघाच्या न्यायालयानं ओरॅकल आणि यूजसॉफ्टच्या खटल्यात उलटा निकाल दिला: एकदाच पैसे घेऊन बेमुदत परवाना दिला असेल, तर तो पुढे विकता येतो. म्हणजे डबा असो वा सबस्क्रिप्शन, आपल्या हातात परवानाच येतो. मुख्य फरक मुदतीचा.

‘एकदा घेतलं की कायमची निश्चिंती’

परवाना बेमुदत असला, तरी कॉम्प्युटर बेमुदत नसतो. अ‍ॅपलनं २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आणलं आणि ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणं बंद केलं. क्रिएटिव्ह सूटच्या शेवटच्या आवृत्तीचे, म्हणजे सीएस६चे, बरेच भाग ३२ बिटचेच होते, त्यामुळे रीतसर पैसे मोजून घेतलेलं सीएस६ नव्या मॅकवर निकामी ठरलं. त्याआधी सीएस२ची गोष्ट. या आवृत्तीला सुरू होण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागायची आणि तो सर्व्हरच पुढे बंद झाला. मग २०१३च्या सुरुवातीला अ‍ॅडोबीनं परवानगीची गरज नसलेली प्रत आपल्या साइटवर ठेवली. ‘फोटोशॉप फुकट झालं’ अशी बातमी जगभर पसरली आणि ही सोय फक्त जुन्या ग्राहकांसाठी आहे, असा खुलासा कंपनीला करावा लागला. ते सौजन्य होतं. प्रत्येक कंपनी तेवढं दाखवेलच असं नाही.

मराठी छपाईच्या धंद्याला याचा सगळ्यात मोठा धडा पेजमेकरनं दिला. आल्डस कंपनीचं हे १९८५ सालचं सॉफ्टवेअर १९९४ मध्ये अ‍ॅडोबीकडे आलं आणि २००१ ची ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती ठरली. आपल्याकडे मात्र श्रीलिपीसारखे फॉन्ट जोडून पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका त्यावर पुढे वर्षानुवर्षं लागत राहिल्या. चालतंय तर बदला कशाला, हा हिशोब त्या-त्या दिवशी बरोबरच होता. पण पेजमेकरच्या फाइली उघडू शकणारं शेवटचं इनडिझाइन म्हणजे सीएस६, आणि त्याची विक्री २०१७ मध्ये बंद झाली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची, तर आधी ती फाइल उघडणारं जुनं मशीन शोधा, मग मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग र्‍हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं पुन्हा तपासा. एवढ्या खटाटोपापेक्षा पुन्हा टाइप करून घेणं कितीदा तरी सोपं पडतं.

‘सबस्क्रिप्शन नेहमी महागच’

इथे आकडेच पाहू. नवं फोटोशॉप सीएस६ घ्यायला ६९९ डॉलर लागायचे, मागची आवृत्ती हाताशी असेल तर १९९. २०१३ मध्ये आलेला फोटोग्राफी प्लॅन महिना ९.९९ डॉलरचा होता. पाच वर्षांचे साधारण ६०० डॉलर झाले आणि त्यात लाइटरूमही मिळालं. संपूर्ण मास्टर कलेक्शन २,५९९ डॉलरला होतं. त्या जागी आलेला सगळ्या प्रोग्रॅमांचा प्लॅन वर्षाच्या बोलीवर महिना ४९.९९. एकरकमी रक्कम गाठायला सबस्क्रिप्शनला सव्वाचार वर्षांहून थोडा जास्त काळ लागत होता. म्हणजे प्रत्येक नवी आवृत्ती घेणारा स्टुडिओ फायद्यात राहिला, आणि एकच आवृत्ती आठ-दहा वर्षं पुरवून वापरणारा तालुक्याच्या गावचा फ्लेक्सवाला तोट्यात गेला. सरसकट उत्तर नाही.

पण खरी मेख किमतीत नाही, ती भाव वाढवण्याच्या हक्कात आहे. सीएस५ असलेल्या माणसाला सीएस६ महाग वाटलं, तर तो गप्प बसून सीएस५ वर काम करू शकत होता. तो नकार कंपनीला ऐकावा लागायचा. नव्या आवृत्तीत काहीतरी घेण्याजोगं घालावं लागायचं. सबस्क्रिप्शनमध्ये नकार दिला की प्रोग्रॅमच बंद होतो. २० जीबी क्लाउड साठवणीचा तो स्वस्त फोटोग्राफी प्लॅन जानेवारी २०२५ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद झाला. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेत सगळ्या प्रोग्रॅमांचा प्लॅन एआयच्या सोयी जोडून महिना ६९.९९ डॉलरवर गेला. एआय नको असलेल्यांसाठी कमी सोयींचा स्वस्त प्लॅन ठेवला आहे, पण तो कुठवर ठेवायचा हे कंपनीच ठरवणार. माझ्या मते सबस्क्रिप्शनवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आहे. ‘महाग आहे’ ही त्याची ढोबळ आवृत्ती.

‘क्लाउड म्हणजे इंटरनेट गेलं की काम ठप्प’

नाही. फोटोशॉप तुमच्याच कॉम्प्युटरवर बसवलेलं असतं आणि तिथेच चालतं. परवाना चालू आहे का, एवढं ते अधूनमधून इंटरनेटवर तपासतं. वार्षिक ग्राहकाला त्यासाठी अ‍ॅडोबीनं ९९ दिवसांपर्यंत सवलत दिलेली आहे. सबस्क्रिप्शनमुळे चोरीच्या प्रती संपल्या हा समजही म्हणूनच खोटा. प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या डिस्कवर असतो, तर कुलूप तोडणाऱ्यांनाही तो सापडतोच.

मात्र दोरी कंपनीच्या हातात असते, हे विसरू नये. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशाचा हवाला देऊन अ‍ॅडोबीनं व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करत असल्याचं कळवलं होतं. सरकारकडून परवाना मिळाल्यावर निर्णय मागे घेतला. डब्यातल्या सीएस६ ला अशी भीती नव्हती.

‘महिन्याला पैसे भरतो, तेव्हा कधीही सोडता येईल’

दर महिन्याला पैसे कापले जातात म्हणजे करार महिन्याचाच आहे, असं नाही. अ‍ॅडोबीचा बहुतेकांनी घेतलेला प्लॅन वर्षाचा असतो, फक्त हप्ता मासिक. पहिल्या १४ दिवसांनंतर मध्येच सोडलं, तर उरलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. ही अट नीट दाखवली जात नाही, असा आरोप ठेवून अमेरिकी सरकारनं जून २०२४ मध्ये कंपनीवर खटला भरला.

खरा मासिक प्लॅन वेगळा मिळतो. त्याचा दर साधारण दीडपट असतो, पण हंगामी काम करणाऱ्याला तोच परवडतो. दिवाळी अंकाची पानं लावणाऱ्याला इनडिझाइन जर ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढंच लागत असेल, तर तीन महिन्यांचा दीडपट दर म्हणजे वार्षिक प्लॅनचे साडेचार हप्ते. वर्षाचे बारा भरण्यापेक्षा केव्हाही बरे. वापर आठ महिन्यांच्या पुढे गेला, की वार्षिक स्वस्त. कार्डावरून आपोआप पैसे जाण्याच्या चोवीस तास आधी कळवण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेनं २०२१ पासून घातलेलं आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसून टाकू नये.

‘एकरकमी पैसे दिले की पुढचं सगळं फुकट’

प्रोक्रिएट, डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ किंवा मॅकवरचं फायनल कट प्रो वापरणाऱ्यांना तसं वाटणं साहजिक आहे, कारण तिथे नव्या आवृत्त्या वर्षानुवर्षं मोफत मिळत आल्या. पण तो त्या कंपन्यांचा शिरस्ता आहे. अ‍ॅफिनिटीनं सबस्क्रिप्शन नको या एकाच मुद्द्यावर ग्राहक जोडले, तरी नोव्हेंबर २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या ग्राहकांकडूनही पैसे घेतले. पुढे २०२४ मध्ये कॅनव्हानं ते बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवं अ‍ॅफिनिटी चक्क मोफत केलं. त्यासाठी कॅनव्हाचं खातं मात्र लागतं आणि एआयच्या सोयी कॅनव्हाच्या सबस्क्रिप्शनमागे आहेत.

‘सबस्क्रिप्शन संपलं की फाइली गेल्या’

आपल्या डिस्कवरच्या फाइलींना कोणी हात लावत नाही. लाइटरूम क्लासिक तर सबस्क्रिप्शन संपल्यावरही उघडतं. फोटो पाहता येतात, बाहेर काढता येतात, फक्त डेव्हलप आणि मॅप ही दालनं बंद होतात. अडचण इनडिझाइनची आहे, कारण त्याची मूळ फाइल दुसरीकडे सहजी उघडत नाही. आणि सबस्क्रिप्शन चालू असलेलेही पूर्ण सुरक्षित नसतात: पॅन्टोन आणि अ‍ॅडोबी यांचा करार बदलला, तेव्हा २०२२ मध्ये जुन्या फोटोशॉप फाइलींतले काही पॅन्टोन रंग काळे दिसू लागले. ते परत हवे असतील, तर पॅन्टोनचं वेगळं सबस्क्रिप्शन घ्या.

तेव्हा प्लॅन कुठलाही असो, काम संपलं की इनडिझाइनची फाइल आयडीएमएल रूपातही साठवून ठेवावी. ती अ‍ॅफिनिटीत आणि मोफत मिळणाऱ्या स्क्रायबसमध्ये उघडते. मांडणी थोडी विस्कटते, मजकूर हाती राहतो. फोटोशॉपच्या कामाची टिफ प्रत, पुस्तकाचा मजकूर युनिकोडमध्ये वेगळा आणि वापरलेल्या फॉन्टची नावं एका साध्या टेक्स्ट फाइलीत. नुसत्या पीडीएफवर विसंबू नये, तिच्यातून मराठी मजकूर परत काढताना काना-मात्रा जागेवर राहतीलच असं नाही.