घर पाहावे विकून!

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली, त्याने जुन्या घराची दुरुस्ती काढली नसावी. नवे घर निदान कागदावर तरी ठरते. जुने घर एक भिंत उकरली की दुसरी पुढे करते. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात फुलसावंगी हे आमचे गाव. तिथल्या आमच्या पाच खणांच्या घराने दोन वर्षे आम्हांला हाच धडा दिला.

वडील गेल्यावर दादाने मोठ्या हौसेने काम काढले. कवेलू उतरली, सागाचे वासे अंगणात रचले गेले, मागचे दोन खण पाडले गेले. मग गुत्तेदार उचल घेऊन दुसऱ्या कामावर गेला, तो आजतागायत फिरकला नाही. मागे राहिल्या त्या मातीच्या उघड्या भिंती. आणि मातीच्या भिंतीचे आयुष्य तिच्या डोक्यावरच्या छपराइतकेच असते.

गावातले म्हातारे मिस्त्रीकाका म्हणाले, “बाई, इकायचं का ठेवायचं, थे मागून पाहा. आंधी भितीवर टिना टाका.” टिना टाकल्या, म्हणून पावसाळा निभावला. पुढचे काम मात्र सोपे नव्हते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नव्या भिंतीचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. दर खेपेला खर्चाचा आकडा वाढू लागला.

अशात गिऱ्हाईक आले. गावातच भाड्याने राहणारे एक शिक्षक आहे त्या स्थितीत घराचे नऊ लाख द्यायला तयार झाले.

“सहा लाख घातलेत मी! आता अर्ध्यावर सोडू?” दादा म्हणाला.

मी मराठी शिकवते, हिशेब नव्हे. पण कागद घेऊन बसले. काम पुरे करायला आणखी आठ लाख. पुरे झाल्यावर गावच्या भावाने फार तर चौदा येतील. चौदातून आठ गेले, राहिले सहा. आणि आज हातात येत होते नऊ. म्हणजे घर ठेवण्याची किंमत तीन लाख. या वजाबाकीत दादाचे सहा लाख कुठेच येत नाहीत. घर विका नाहीतर ठेवा, ते खर्च झालेलेच आहेत.

पण घर म्हणजे काही नुसती वजाबाकी नव्हे. तिथे कोणी राहणार असेल तर तीन लाख जास्त नाहीत. आम्ही सगळ्यांनी आईकडे पाहिले. ती शांतपणे म्हणाली, “विकायचं तर विका, ठेवायचं तर ठेवा. पण माझ्यासाठी ठेवतो म्हणू नका. अकरा वर्षांत मी तिथे चार दिवस सलग राहिले नाही. तुम्हांला माझं घर हवंय की तुमचं लहानपण?”

यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. विकायचे ठरले.

आता खरा पेच! मध्यस्थ म्हणाला, “ताईंचं हक्कसोडपत्र घ्या, काम सुटसुटीत होईल.” माहेरवाशिणीकडे अशी सही मागण्याचा प्रघातच आहे. घर वडिलांच्या स्वकष्टार्जित पैशांचे, मृत्युपत्र नाही. तेव्हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, दादा आणि मी सारख्याच वाटेकरी. त्याच कायद्यात एक मेख होती. राहत्या घराची वाटणी पुरुष वारस करीपर्यंत मुलीला ती मागता येत नसे. २००५ साली ते कलमच वगळले गेले. मी म्हणाले, “सही करीन, पण विकणारी म्हणून.”

दादा गप्प झाला. वहिनींनी विचारले, “मग आमचे सहा लाख?” प्रश्न रास्त होता. गेलेला पैसा निर्णय करताना मोजू नये, पण वाटणी करताना विसरूही नये. काम काढण्यापूर्वी घराला सहा लाखांची मागणी होती. आता नऊ आले. वाढलेले तीन दादाचे. उरलेल्या सहांचे तीन सारखे वाटे. उरलेले नुकसान आईच्या वाट्यातून भरून घेणे दादालाही पटले नसते. त्यानेच ‘हो’ म्हटले.

वाचकहो, गावाकडचे घर विकणार असाल तर कागद आधी पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका दिली जाते. ती झाली असेल तर तिच्यावर सर्व वारसांची नावे आहेत का, तेही बघा.

आमचे खरेदीखत दिवाळीनंतर आहे. दादाला सागाचा एक वासा आठवण म्हणून पुण्याच्या फ्लॅटमध्ये न्यायचा होता. आई म्हणाली, “छपराला लागतो रे तो. तिथे भिंतीला टेकवून काय करशील?”

वासे सगळे तिथेच राहिले. मागच्या दोन खणांवर ते पुन्हा चढणार आहेत.