जमातवादी राजकारण आणि मुस्लिम समाजाच्या ऐक्याचा प्रश्न : महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रास्ताविक

'मुस्लिम समाज' हा शब्दप्रयोग मराठी राजकीय लेखनात बहुधा एकवचनी येतो. मुस्लिम समाज नाराज आहे, मुस्लिम समाज अमुक पक्षाकडे वळला आहे, अशी विधाने निवडणुकीच्या काळात सर्रास वाचावयास मिळतात. मराठा, माळी, धनगर, वंजारी, बौद्ध, मातंग अशी बारकाईने मोजदाद करणारे विश्लेषक मुस्लिमांपाशी आले की जातीची वही मिटून ठेवतात. ही केवळ भाषिक सवय नाही. ज्याला जमातवाद म्हटले जाते त्या विचारप्रणालीची पहिली पायरीच या एकवचनात आहे.

इतिहासकार बिपन चंद्र यांनी जमातवादाची उभारणी तीन टप्प्यांत स्पष्ट केली आहे. एका धर्माचे अनुयायी असलेल्या सर्वांचे ऐहिक, म्हणजे आर्थिक, सामाजिक व राजकीय हितसंबंधही एकच असतात, असे मानणे हा पहिला टप्पा होय. दोन धर्मांच्या अनुयायांचे हितसंबंध परस्परांहून भिन्न असतात हा दुसरा, आणि ते परस्परविरोधी असतात हा तिसरा. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यावर टीका करणारे बरेच अभ्यासक पहिला टप्पा मात्र नकळत मान्य करून जातात. अल्पसंख्य समाजाच्या ऐक्याचे आवाहनही पुष्कळदा याच गृहीतकावर उभे असते. बहुसंख्याकांच्या जमातवादाला उत्तर म्हणून मुस्लिमांनी एक व्हावे, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा विरोधकाने काढलेले मुस्लिमांचे चित्रच उत्तरादाखल स्वीकारले जाते. प्रस्तुत लेखात या ऐक्याचे स्वरूप महाराष्ट्राच्या अनुभवाच्या आधारे तपासले आहे. भीतीतून येणारे ऐक्य आणि भेद मान्य करून घडवलेले ऐक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुर्बल मुस्लिमांच्या पदरात जे काही पडले ते प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारच्या प्रयत्नांतून पडले, असे येथे प्रतिपादन आहे.

मालेगावचे दोन निकाल

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळे मतदारसंघातून काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी विजयी झाल्या. उरलेल्या पाच विधानसभा क्षेत्रांत मागे राहूनही त्या जिंकल्या, कारण मालेगाव मध्य या एका क्षेत्राने त्यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. या आघाडीची चर्चा लगेच 'व्होट जिहाद' या शब्दाने सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या विधानसभा प्रचारात 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा महाराष्ट्रभर ऐकू आली. मुस्लिम एक झाले, आता हिंदूंनीही एक व्हावे, असा तो युक्तिवाद होता.

मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच मालेगाव मध्यचा निकाल काय लागला? एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि माजी आमदार आसिफ शेख यांच्यात अटीतटीची लढत झाली आणि अवघ्या १६२ मतांनी मुफ्ती इस्माईल निवडून आले. समाजवादी पक्षाच्या उमेदवार म्हणून, ज्येष्ठ समाजवादी नेते निहाल अहमद यांच्या कन्या शान-ए-हिंद याही रिंगणात होत्या. सहा महिन्यांपूर्वी जे मतदार जवळजवळ एकमुखी होते, तेच आता उभे दुभंगले.

वरवर पाहता ही विसंगती वाटेल. तशी ती नाही. मे महिन्यात मतदारांपुढे प्रश्न एकच होता : कोणाला रोखावयाचे? नोव्हेंबरमध्ये हा प्रश्न उरला नव्हता, कारण निवडून येणारा उमेदवार मुस्लिमच असणार हे ठरलेले होते. मग गावातील खरे प्रश्न व खऱ्या निष्ठा वर आल्या. मालेगाव हे यंत्रमागाचे शहर आहे. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती येथे वाढत गेली. त्यांच्याआधीपासून राहणारे दखनी मुस्लिमही येथे आहेत. मागाचा मालक मुस्लिम आहे आणि मागावर दिवसपाळी व रातपाळी करणारा मजूरही मुस्लिम आहे. सुताचा भाव चढला व विजेचा दर वाढला की दोघांचेही नुकसान होते, परंतु मजुरीचा दर ठरवताना ते एकमेकांसमोर उभे असतात. शिवाय देवबंदी, बरेलवी व अहले हदीस हे पंथभेद मशिदीपुरते मर्यादित राहत नाहीत. अशा शहरात राजकीय चुरस असणे हे दोष मानण्याचे कारण नाही. हिंदुबहुल मतदारसंघात दोन हिंदू उमेदवार लढतात तेव्हा 'हिंदूंमध्ये फूट पडली' असे गंभीर अभ्यासक म्हणत नाहीत.

याच शहराने २००१ ची दंगल आणि २००६ व २००८ चे बॉम्बस्फोट सोसले आहेत. २००६ च्या स्फोटांत बळी पडलेले बहुतांश मुस्लिम होते, आणि त्या प्रकरणात प्रथम अटक झालेलेही मुस्लिम तरुणच होते. न्यायालयाने त्यांना २०१६ मध्ये दोषमुक्त केले. मे २०२४ च्या एकमुखी मतदानामागे असे अनुभव आहेत, हे लक्षात न घेता त्याला धर्मवेड ठरवणे अन्यायाचे होईल.

एकवचनामागील अनेकवचन

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिमांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे ११.५४ टक्के आहे. उर्दू ही मातृभाषा नोंदवणारे राज्यात सुमारे ७५ लाख होते. उर्दू नोंदवणारे सर्वच मुस्लिम आहेत असे गृहीत धरले, तरी लाखो मुस्लिमांची मातृभाषा मराठी, कोकणी, गुजराती वा अन्य आहे, हे उघड आहे. रत्नागिरी-रायगडचा कोकणी मुस्लिम, मुंबईतील बोहरा, खोजा व मेमन व्यापारी, पश्चिम महाराष्ट्रातील गावगाड्यात मराठी बोलत वाढलेला मुलाणी, बागवान, तांबोळी, अत्तार वा पिंजारी, आणि निजामाच्या राजवटीतून आलेला मराठवाड्यातील मुस्लिम, यांच्यात धर्म समान असला तरी रोटी-बेटी, व्यवसाय व स्मृती समान नाहीत. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच दुर्लक्षित मराठी मुस्लिम जीवनाला स्वतःचा आवाज मिळावा म्हणून.

सरासरीच्या आकड्यांत ही विविधता कशी हरवते याचे उदाहरण बोलके आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याची ७६.९. केवळ एवढेच पाहिल्यास मुस्लिम मागास नाहीत असा निष्कर्ष निघेल, आणि तो काढलाही जातो. परंतु राज्यातील मुस्लिम लोकसंख्या मोठ्या प्रमाणावर शहरी आहे, आणि शहरातील सुखवस्तू व्यापारी व झोपडपट्टीतील हातगाडीवाला एकाच बेरजेत येतात. न्या. राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये सादर केलेल्या अहवालात मुस्लिमांमधील अश्रफ, अजलाफ व अरझल या स्तरांची दखल घेतली, तसेच देशातील ४०.७ टक्के मुस्लिम इतर मागासवर्गीय असल्याचे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे नमूद केले. त्या अहवालाची चर्चा मात्र बहुतेक ठिकाणी 'मुस्लिम मागास आहेत' या एका वाक्यापुरती झाली. स्तरांचे प्रकरण फारसे कोणी उघडले नाही.

एकीचे हे एकवचन घडण्यात राज्यसंस्थेचाही वाटा आहे. १९०९ च्या कायद्याने विभक्त मतदारसंघ दिले आणि मुस्लिम मतदार हा कायद्याचा घटक बनला. मताधिकार मालमत्ता व शिक्षण यांवर अवलंबून असल्याने त्या मतदारसंघांतून बोलणारा वर्ग जमीनदार, वकील व व्यापारी हाच राहिला. विणकरांच्या मोमीन कॉन्फरन्सने मुस्लिम लीगचा एकमेव प्रतिनिधित्वाचा दावा नाकारला होता आणि फाळणीला विरोध केला होता. ही गोष्ट आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

भीतीचे ऐक्य आणि त्याची किंमत

दंगल जात विचारत नाही, हे खरे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ५७५ मुस्लिम व २७५ हिंदू होते. त्यानंतर मिश्र वस्त्यांतून उठून असंख्य मुस्लिम कुटुंबे ठाणे जिल्ह्यातील मुंब्र्यात आली. कोकणी, उत्तर भारतीय, दखनी अशी निरनिराळी कुटुंबे एका उपनगरात शेजारी झाली. हे ऐक्य पत्त्याचे होते. त्यामागे सुरक्षिततेची स्वाभाविक गरज होती, आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार सुरक्षित वस्तीत राहणाऱ्यांना नाही. परंतु अशा वस्तीत दुसऱ्या समाजाशी रोजचा संबंध संपतो, आणि वस्तीच्या वतीने कोण बोलणार हे वस्तीतील बलवान ठरवतात.

भीतीच्या ऐक्याची किंमत प्रथम कोणी मोजली, याचे उत्तर शाहबानो प्रकरणात मिळते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित वृद्धेला पोटगी मान्य केली. त्याविरुद्ध धर्म धोक्यात असल्याची हाक देऊन जे अभूतपूर्व ऐक्य उभे राहिले, त्याची परिणती १९८६ च्या कायद्यात झाली. ऐक्य झाले, पण ते स्त्रियांच्या विरोधात झाले. याच्या वीस वर्षे आधी, १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता, आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली होती. समाज संकटात असताना घरातील वाद बाहेर का काढता, हा आक्षेप त्यांच्यावरही घेतला गेला. हा आक्षेप कोणत्याही पीडित समाजातील स्त्रियांना व सुधारकांना ऐकावाच लागतो. दुसरीकडे, तलाकविषयक २०१९ च्या कायद्याने पतीला तुरुंगवासाची तरतूद केली तेव्हा तलाकविरोधी चळवळीतील अनेकांनाही ती खटकली. स्त्रियांचा प्रश्न दोन जमातवादांच्या कात्रीत सापडतो, असे यावरून म्हणता येईल.

भेद मान्य करून झालेली एकजूट

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंडल प्रकरणाचा निकाल दिला आणि हिंदूंखेरीज अन्य धर्मीयांमधील मागास गटांनाही इतर मागासवर्गात स्थान मिळू शकते हे मान्य केले. बरोबर वीस दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली. मुस्लिमांपुढे एकाच महिन्यात दोन ओळखी ठेवल्या गेल्या : एक जखमी धर्मसमूहाची, दुसरी मागास व्यवसायगटाची. सार्वजनिक स्मृतीत पहिलीच राहिली, यात नवल नाही.

तथापि महाराष्ट्रात दुसऱ्या ओळखीवरही काम झाले. जालन्याचे शब्बीर अहमद अन्सारी यांच्या पुढाकाराने मुस्लिम ओबीसी चळवळ उभी राहिली. डाव्या चळवळीतील विलास सोनवणे यांच्यासारखे कार्यकर्ते तिच्याशी जोडले गेले आणि अभिनेते दिलीपकुमार यांनी तिच्या सभांना हजेरी लावली. डिसेंबर १९९४ मध्ये राज्य शासनाने काढलेल्या निर्णयामुळे मुस्लिम मागास जातींना इतर मागासवर्गाच्या सवलती मिळण्याचा मार्ग सुकर झाला. या चळवळीचे वैशिष्ट्य असे की, तिने बागवानाला माळ्याच्या आणि मोमिनाला कोष्ट्याच्या शेजारी उभे केले. तिचे ऐक्य धर्माच्या सीमेवर थांबणारे नव्हते. उच्चकुलीन मुस्लिम नेतृत्वातून तिला विरोध झाला तो इस्लाममध्ये जात नाही या तत्त्वाच्या नावाने. आणि हे तत्त्व खरे असले, तरी जातपडताळणी समितीपुढे उभ्या असलेल्या मुलाणी विद्यार्थ्याला त्याचा उपयोग नव्हता.

चळवळीची मर्यादाही सांगितली पाहिजे. दाखला मिळवण्यासाठी जुन्या नोंदीत जात लागते, आणि शाळेच्या दाखल्यावर पिढ्यान्‌पिढ्या केवळ 'मुसलमान' असे लिहिलेले आढळते. एकवचन येथेही आड येते.

जुलै २०१४ मध्ये शासनाने अध्यादेशाद्वारे मुस्लिमांतील सुमारे ५० निर्दिष्ट गटांना ५ टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणास स्थगिती दिली, शिक्षणातील मात्र अंतरिम टप्प्यावर रोखले नाही. तोवर सत्ताबदल झाला होता व अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झालेच नाही. अध्यादेशात गटांची नावे होती, पण समर्थक आणि विरोधक दोघांनीही त्याला 'मुस्लिम आरक्षण' म्हटले, आणि धर्माधारित आरक्षण घटनाबाह्य आहे, एवढ्या एका वाक्यात त्याचा निकाल लावणे सोपे झाले.

प्रतिनिधित्वाच्या प्रश्नालाही हेच लागू पडते. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी दहा मुस्लिम सदस्य निवडून आले. लोकसंख्येच्या प्रमाणात ते तेहतीस असावयास हवे होते. ही तूट गंभीर आहे. परंतु हे दहा जण काँग्रेस, राष्ट्रवादी, समाजवादी पक्ष, एमआयएम आणि शिवसेनेचे दोन्ही गट, अशा निरनिराळ्या पक्षांतून आले, ही बाब तितकीच अर्थपूर्ण आहे.

या विविधतेतही एक स्तर जवळजवळ अदृश्य राहतो. मैला व सफाईची कामे पिढ्यान्‌पिढ्या करणारे हलालखोर व मेहतर मुस्लिम हे अनुसूचित जातींत मोडत नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली होती. २०२२ मध्ये हा प्रश्न न्या. के. जी. बालकृष्णन आयोगाकडे सोपवण्यात आला. शाहबानो प्रकरणी रस्त्यावर आलेला जनसमुदाय या प्रश्नावर कधी रस्त्यावर आलेला नाही.