कीबोर्ड घेताय? आधी त्याची मागची बाजू पाहा

बोर्डाचे निकाल लागले की घरोघरी मुलांच्या मागण्या सुरू होतात. कोणाला मोबाइल हवा असतो, कोणाला स्कूटी. गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवी वस्तू आली आहे, ती म्हणजे कीबोर्ड. आणि तो नुसता वाजवायला नको असतो. ‘अब्बा, मला घरीच रेकॉर्डिंग करायचंय’ असे मूल म्हणते तेव्हा ज्या अब्बांनी आयुष्यात फक्त पेटी पाहिली आहे, ते गोंधळून जातात. दुकानात गेल्यावर गोंधळ वाढतो, कारण चार हजारांपासून चाळीस हजारांपर्यंतच्या सगळ्या वस्तू लांबून सारख्याच दिसतात. सगळ्यांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतातच.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. संगीत घरात असावे की नसावे, यावर आपल्यात एकमत नाही. तो निर्णय ज्या त्या घराने घ्यायचा आहे. ज्या घरात तो झालेला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आणि तुमचे मूल वाद्याशिवाय हम्द-नात म्हणणार असेल, तर कीबोर्डचा विचारच करू नका. तोच पैसा एका बऱ्या यूएसबी मायक्रोफोनवर आणि वायरच्या हेडफोनवर घाला. रजया आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट पाठीशी घेऊन गायले तर खोलीतला घुमारा पुष्कळ कमी होतो. एवढ्या साध्या तयारीत चांगले रेकॉर्डिंग होते.

कीबोर्ड मात्र पारखून घ्यावा लागतो. माझ्या बारावीच्या वर्गातल्या एका मुलीचे उदाहरण देते. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या उर्दू गीतांना ती स्वतः चाली लावते. वडील टेलर आहेत. रमजानच्या शिलाईतून बाजूला काढलेले नऊ हजार रुपये घेऊन ते तालुक्याच्या एका दुकानात गेले. ‘रेकॉर्डिंग होईल ना?’ असे त्यांनी विचारले. दुकानदाराने एक बटण दाबून दाखवले, वाजवलेली धून कीबोर्डने परत वाजवून दाखवली आणि म्हणाला, ‘हे काय, होतंय की.’ घरी आल्यावर कळले की ते रेकॉर्डिंग कीबोर्डच्या पोटातच राहते. कॉम्प्युटरला किंवा फोनला जोडायला मागे यूएसबीचे छिद्रच नव्हते. दुसऱ्या दिवशी परत गेले, तर उघडलेला डबा आम्ही परत घेत नाही असे उत्तर मिळाले. ‘मॅडम, पोरीला काही बोलता येईना, मला काही सांगता येईना,’ असे ते मला म्हणाले.

दुकानदार खोटे बोलला असे म्हणता येणार नाही, पण प्रश्नाचे उत्तर त्याने दिले नाही. म्हणून योग्य प्रश्न आपल्याला माहीत हवा. तो असा: ‘याला यूएसबी-मिडी आहे का?’

मिडी हा शब्द समजला की निम्मे काम झाले. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी बोलू लागावीत म्हणून ही भाषा ठरली. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात एका अमेरिकी कंपनीचा आणि एका जपानी कंपनीचा सिंथेसायझर केबलने जोडून दाखवण्यात आले. एकावर बोट ठेवले की दुसराही वाजत होता. मिडीतून आवाज जात नाही, हे लक्षात ठेवा. जाते ती माहिती: कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली. मी उर्दू शिकवते, म्हणून मुलांना इनपेजचे उदाहरण देते. तुम्ही मजकूर एकदा टाइप करता, मग तोच नस्तालीकमध्ये पाहा नाहीतर नस्खमध्ये. मिडी म्हणजे मजकूर आणि आवाज म्हणजे खत. बासरीच्या आवाजात वाजवलेली ओळ नंतर सारंगीच्या आवाजात बदलता येते, चुकलेला एकच सूर खोडून नीट करता येतो, लय कमी-जास्त करता येते. घरच्या स्टुडिओची सगळी ताकद इथे आहे.

आता बाजारात दोन जाती आहेत. एक, ज्याला आपण साधारणपणे कीबोर्ड म्हणतो तो. त्यात स्वतःचे आवाज, ताल आणि स्पीकर असतात. दुसरा, मिडी कंट्रोलर. त्यात आवाजच नसतो. कॉम्प्युटर किंवा फोनला जोडला नाही तर तो लाकडाच्या फळीसारखा मुका. अकाईचा एमपीके मिनी, आर्टुरियाचा मिनीलॅब, एम-ऑडिओचा कीस्टेशन हे या जातीतले. घरात आधीच बरा लॅपटॉप असेल आणि मुलाला फक्त रेकॉर्डिंगच करायचे असेल, तर २५ पट्ट्यांचा कंट्रोलर सर्वात किफायतशीर पडतो. साधारण पाच ते दहा हजारांत येतो, दप्तरात मावतो, वीजही यूएसबीतूनच घेतो. पण ज्याला अजून वाजवायलाच शिकायचे आहे, त्याच्या हातात मुकी फळी देऊ नये असे माझे मत आहे. लॅपटॉप उघडा, प्रोग्रॅम लावा, केबल शोधा, मग रियाज. चार दिवसांत कंटाळा येतो. अशा मुलाने ६१ पट्ट्यांचा, स्वतःचे स्पीकर असलेला आणि मागे यूएसबी असलेला कीबोर्ड घ्यावा. तो दोन्ही कामे करतो.

या दुसऱ्या पर्यायात उदाहरणे द्यायची तर कॅसिओचा सीटी-एस २०० आणि सीटी-एस ३०० पाहा. दोन्ही हलके आहेत, दोघांना यूएसबी-मिडी आहे, सहा पेन्सिल सेलवरही चालतात. आमच्याकडे भारनियमनाच्या दिवसांत ही गोष्ट लहान नाही. दोघांत फरक आहे तो स्पर्शाचा. २०० वर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज एकाच मापाचा. ३०० मध्ये बोटाचा जोर ओळखला जातो, आणि सूर वर-खाली वाकवण्याचे छोटे चाकही आहे. यामाहाचा पीएसआर-ई ३७३ थोडा महाग आहे, पण तो स्पर्श ओळखतो आणि त्याच एका यूएसबी केबलमधून मिडीबरोबर स्वतःचा आवाजही कॉम्प्युटरला देतो. तबला, तानपुरा, सतार असे आपल्याकडचे आवाज हवे असतील, तर दोन्ही कंपन्यांनी भारतासाठी वेगळी मॉडेल काढली आहेत. यामाहाच्या अशा मॉडेलच्या नावात ‘आय’ असतो, कॅसिओच्या नावाशेवटी ‘आयएन’. किमती सणावारी आणि दुकानागणिक बदलतात, पण स्पर्श ओळखणारा ६१ पट्ट्यांचा नवा कीबोर्ड दहा ते सतरा हजारांच्या आसपास धरून चला.

पैसे कमी पडत असतील तर पट्ट्या कमी घ्या, स्पर्श सोडू नका. मिडीत प्रत्येक सुराचा जोर शून्य ते १२७ अशा आकड्यांत लिहिला जातो. स्पर्श न ओळखणारा कीबोर्ड प्रत्येक सुराला एकच आकडा लावतो. ऐकताना ते कसे लागते, तर एखादे मूल मान खाली घालून, कुठेही न थांबता, एका सुरात धडा वाचून दाखवते तसे. शब्द बरोबर असतात, पण मन लागत नाही. तालवाद्याचे बोल भरायचे असतील तर हा दोष फारच कानात खुपतो. याउलट शेकडो आवाज आणि शेकडो ताल यांच्या आकड्यांना भुलू नका. डब्यावर ठळक छापलेले असतात तेच आकडे रेकॉर्डिंगला सर्वात कमी उपयोगाचे, कारण आवाज पुढे सॉफ्टवेअरमधून हवे तेवढे मिळतात.

पट्ट्या किती हव्यात? २५ म्हणजे दोन सप्तके, ४९ म्हणजे चार, ६१ म्हणजे पाच. पियानोला ८८ असतात. आपल्या पेटीत साधारण तीन-साडेतीन सप्तके असतात आणि तेवढ्यात पिढ्यान्‌पिढ्या मैफली झाल्या. एका हाताने चाल वाजवून एकावर एक थर चढवणाऱ्याला २५ ते ३७ पुरतात. दोन्ही हातांनी वाजवणाऱ्याला ४९ च्या खाली गुदमरल्यासारखे होते. २५ पट्ट्यांच्या बऱ्याच कंट्रोलरांच्या पट्ट्या रुंदीलाही लहान असतात. त्यावर बसलेला हात मोठ्या वाद्यावर गेला की अडखळतो, म्हणून शिकणाऱ्याने पूर्ण मापाच्या पट्ट्या घ्याव्यात. गाणाऱ्या मुलींसाठी आणखी एक: गळा काळी चारला आणि शिकलेली बोटे पांढरी एकला असे असेल, तर ‘ट्रान्स्पोज’ने सूर हलवता येतो. बोटे जिथे आहेत तिथेच राहतात. पेटीवाल्यांना हे सुख सहसा नसते.

पेटीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ मध्ये सैल झाली. तक्रार काय होती? तिच्यावर मींड घेता येत नाही, आणि तिचे ठरीव सूर आपल्या रागांना नेमके बसत नाहीत. कीबोर्डवर हीच तक्रार करता येईल, पण सूर वाकवण्याच्या चाकाने मींडेचे थोडेफार काम होते. गझल, नज्म किंवा लोकगीताची चाल रेकॉर्ड करणाऱ्याने हे चाक असलेलाच कीबोर्ड शोधावा. कंट्रोलरमध्ये ते स्वस्तातही मिळते. कधी चाकाऐवजी छोटी दांडी किंवा पट्टी असते.

आता घरच्या कॉम्प्युटरकडे या. पुष्कळ मुले तक्रार करतात की ‘पट्टी दाबली की आवाज उशिरा येतो, कीबोर्ड खराब आहे.’ बहुतेक वेळा कीबोर्डचा काहीच दोष नसतो. कॉम्प्युटर आवाज तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढतो. तुकडा १०२४ नमुन्यांचा असेल तर सुमारे २३ मिलिसेकंद नुसते त्यातच जातात, १२८ चा केला तर तीन. विंडोजवर ‘एसिओ-फोर-ऑल’ हा फुकट मिळणारा ड्रायव्हर घालून तुकडा लहान करता येतो. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवायला बसू नये. तो उशीर कोणत्याच सेटिंगने जात नाही. वायरचाच हेडफोन घ्या. त्याचा दुसरा फायदा असा की इशानंतर मूल तासभर वाजवत बसले तरी दादीची झोप मोडत नाही आणि शेजारीही दार वाजवत नाहीत.

सॉफ्टवेअरला सुरुवातीला एक रुपयाही घालू नका. बँडलॅब फोनवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे, ॲपलच्या वस्तूंवर गॅरेजबँड फुकट येते, वेव्हफॉर्मची एक आवृत्ती फुकट आहे, रीपर ६० दिवस वापरून पाहता येते. लॅपटॉप नसेल तर ओटीजी केबलने कीबोर्ड फोनला जोडूनही शिकता येते. नवा लॅपटॉप ‘संगीतासाठी’ म्हणून मागितला जाईल, तेव्हा मात्र सहा महिने थांबा. तोवर फोनवर किती गाणी पुरी झाली ते पाहा.

घरातल्या स्टुडिओचे मोठे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ए. आर. रहमान नऊ वर्षांचे असताना वडील आर. के. शेखर वारले, आणि वडिलांची वाद्ये भाड्याने देऊन घराला हातभार लागला. पुढे चेन्नईत राहत्या घराच्या आवारात त्यांनी स्टुडिओ उभारला आणि १९९२ मध्ये ‘रोजा’ आला. मुले हे उदाहरण यंत्रे मागण्यासाठी देतात. त्यांना मी विचारते की त्या स्टुडिओआधी त्या माणसाने दुसऱ्यांच्या गाण्यांत किती वर्षे कीबोर्ड वाजवला, ते शोधून काढा.

त्या टेलरच्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. यूएसबी नसली तरी हेडफोनचे छिद्र होते. तिथून एक साधी केबल शाळेच्या जुन्या डेस्कटॉपच्या निळ्या सॉकेटात घातली आणि आवाज थेट रेकॉर्ड केला. यात मिडी नाही, म्हणून एक सूर चुकला की ओळ पुन्हा वाजवावी लागते. ती वाजवते. संमेलनाची दोन गीते अशीच तयार झाली. ज्यांच्या घरी असा जुना कीबोर्ड पडून आहे, त्यांनी तो भंगारात घालण्याआधी हे करून पाहावे.

जुना विकत घेणार असाल तर प्रत्येक पट्टी एकेक करून वाजवा, मधल्या दोन सप्तकांकडे जास्त लक्ष द्या. पट्टीखालचे रबरी संपर्क तिथेच आधी झिजतात. मग एखादा सूर मुका होतो किंवा एकदम दणकतो. हेडफोनची पिन फिरवून खरखर येते का पाहा.

नवा घेताना दुकानात स्वतःचा फोन, ओटीजी केबल आणि तुमच्या मुलाला घेऊन जा. फोनमध्ये बँडलॅब आधीच घालून ठेवा. कीबोर्ड जोडून द्यायला सांगा, एक पट्टी हळू आणि तीच जोरात दाबा, फोनमध्ये दोन्ही वेगळ्या उमटतात का ते बघा. ॲडॉप्टर डब्यात आहे की वेगळा घ्यावा लागेल ते विचारा. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव लिहून घ्या, कारण एका अक्षराच्या फरकाने वस्तू बदलते. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय पैसे मोजू नका.