गयाना : नव्या लक्ष्मीचे घर

हिऱ्याची एकही खाण जवळ नसताना आपल्या सुरतेत जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पडतात. उलट, दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात माझारुनी नदीच्या रेतीत हिरे सापडतात. परंतु ते घडविण्याचा मोठा धंदा तेथे उभा राहिला नाही. आज त्याच देशाच्या दारी तेलाच्या रूपाने लक्ष्मी आली आहे. तिचा मुक्काम किती, हा प्रश्न कोणाही व्यापाऱ्याने विचारण्याजोगा आहे. म्हणून त्या देशाची ओळख आम्ही सभासदबंधूंना व त्यांच्या कुटुंबियांना करून देत आहोत.

गयानाचे क्षेत्रफळ सुमारे 2 लक्ष 15 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गुजरातेहून किंचित अधिक. लोकसंख्या मात्र 2012 च्या जनगणनेत साडेसात लक्षांच्याही आत होती. 2011 साली एकट्या सुरत शहरात सुमारे 45 लक्ष माणसे होती! तेथील सुमारे 40 टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत. 1838 साली ऊसमळ्यांसाठी करारबद्ध मजूर घेऊन पहिली जहाजे कलकत्त्याहून तेथे पोहोचली. त्यांच्याखालोखाल आफ्रिकी गुलामांचे वंशज आहेत.

साखर, तांदूळ, बॉक्साइट व सोने यांवर हा देश दीर्घकाळ जगला. 2015 साली समुद्रतळाशी तेल सापडले, 2019 च्या डिसेंबरात ते निघू लागले, आणि 2022 साली राष्ट्रीय उत्पन्न एका वर्षात 60 टक्क्यांहून अधिक वाढले. परंतु 2016 च्या करारातील अटी व्यापाऱ्याने नीट वाचाव्यात. स्वामित्वशुल्क केवळ 2 टक्के. निघालेल्या तेलापैकी 75 टक्क्यांपर्यंत हिस्सा कंपन्यांच्या खर्चवसुलीस. उरलेल्या नफ्याचा अर्धा भाग देशाला. गरजवंताने घाईत केलेला सौदा म्हणून यावर तेथे आजही टीका होते. आपल्या वाट्याचे द्रव्य सरकार एका राखीव निधीत ठेवते व त्यातून ठराविक रक्कमच दरवर्षी खर्चास काढते.

राजकारणाचा मार्गही सरळ नाही. 1966 साली स्वातंत्र्य मिळाले. परंतु मतदान बहुधा वंशाच्या रेषेवरच होत आले. मार्च 2020 च्या निवडणुकीची मतमोजणी तब्बल पाच महिने वादात अडकली. अखेर 2 ऑगस्ट रोजी इरफान अली अध्यक्ष झाले. सप्टेंबर 2025 मध्ये मतदारांनी त्यांनाच पुन्हा कौल दिला. शेजारचा व्हेनेझुएला एसेक्विबो प्रांतावर, म्हणजे देशाच्या सुमारे दोन तृतीयांश भूमीवर, हक्क सांगत आला आहे. तो तंटा 2018 पासून आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. घर भरले, तशी कुंपणाची चिंताही वाढली.

लक्ष्मी चंचल असते, हे सुरतकरांस ग्रंथांतून शिकावे लागत नाही. तापीच्या मुखाशी गाळ साचला, मुंबईचा उदय झाला आणि या बंदराचे वैभव ओसरले. तरीही नगरी उभी राहिली ती जरीच्या, कापडाच्या व हिऱ्याच्या कारागिरीवर आणि शब्दाच्या पतीवर. तेल आज ना उद्या आटेल. तोपर्यंत त्या धनातून शाळा, कसब व परस्परविश्वास यांची जोड गयानाने केली, तरच लक्ष्मी तेथे नांदेल; अन्यथा ती पाहुणी ठरेल. आपल्या पेढीवरील गल्ल्याचाही हिशेब याहून निराळा नाही.